गाडी एमओटीत नापास झाली : दुरुस्त करावी की काढून टाकावी?

पानगळ (रेडिंग)
१० जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आज सकाळी गाडी एमओटीला सोडली होती. दुपारी फोन आला, नापास. भारतातून वाचणाऱ्यांसाठी सांगते, एमओटी म्हणजे इथलं, ब्रिटनमधलं पासिंग. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी करून घ्यावंच लागतं, आणि ते नसेल तर विम्यापासून सगळंच अडतं.

गाडी २०१२ ची, पेट्रोल, पाच दरवाजांची, ८४ हजार मैल झालेली. पाच वर्षांपूर्वी ४,६०० पौंडांना घेतली होती. आजवर रस्त्यात एकदाही बंद पडली नाही. माझी हॉस्पिटलची शिफ्ट सकाळी सातला सुरू होते आणि त्या वेळी आमच्या बाजूला धड बस नाही, म्हणून ही गाडी माझ्यासाठी चैन नाही, नोकरीचं साधन आहे.

कागदावर तीन मोठे दोष लिहिलेत: पुढच्या डाव्या चाकाची स्प्रिंग तुटली आहे, मागचे ब्रेक पाइप फार गंजलेत, पुढच्या सस्पेन्शन आर्मचा बुश (सांध्यातला रबर) गेला आहे. शिवाय दोन सूचना: मागच्या ब्रेक डिस्क झिजल्यात आणि मागच्या टायरची नक्षी कमी होत चालली आहे. तिथेच दुरुस्तीचा अंदाज दिला तो ९१४ पौंडांचा. आकडा ऐकून पोटात गोळा आला.

नवरा म्हणतो, चौदा वर्षांच्या गाडीत आता पैसे घालू नकोस, विकून टाक आणि हप्त्यावर नवी घे. मला ठरवता येत नाहीये. जुनी एमओटी ४ फेब्रुवारीपर्यंत आहे. कुणी अनुभवी माणसाने सांगावं.

स्पॅनर (लेस्टर)
१० जानेवारी, रात्री १०.१५

पानगळताई, मी इथल्या एका गॅरेजात एकोणीस वर्षं काम करतोय. घाई करू नका. आधी त्या ९१४ ची फोड मागा. अंदाजपत्रकात नापास होण्याची कारणं आणि नुसत्या सूचना एकाच बेरजेत घातल्या जातात. 'मोठा' आणि 'धोकादायक' लिहिलेला दोष काढल्याशिवाय गाडी पास होत नाही. 'सूचना' म्हणजे लक्ष ठेवा, एवढंच. मे २०१८ पासून ही वर्गवारी कागदावर स्पष्ट छापलेली असते.

दुसरं, सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाका, सगळ्या जुन्या एमओटींचा इतिहास फुकट दिसतो. कुठल्या वर्षी किती मैल झाले होते, काय नापास झालं, काय सूचना होत्या, सगळं. मागच्या तीन-चार वर्षांच्या सूचना इथे टाका. गाडी विकायची की ठेवायची, ते त्यावरून सांगतो. तुमच्या कागदावर जे आहे ते आज मला घाबरवणारं नाही. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, खालच्या पत्र्याचा सडका भाग, यातलं काही लिहिलेलं नाही ना?

आणि हो, 'धोकादायक' नसेल आणि जुनी एमओटी चालू असेल तर गाडी तिथून नेता येते. पण ती रस्त्यावर चालवण्याजोगी असली पाहिजे हा नियम वेगळा आहे आणि तो नेहमीच लागू असतो. तुटलेल्या स्प्रिंगचं टोक घसरून टायर फाडू शकतं. गॅरेजपर्यंत सावकाश न्या, मोटरवेवर घालू नका.

मेथीची_जुडी (स्लाव)
१० जानेवारी, रात्री १०.५०

ताई, हप्त्याचं मी सांगते, कारण मी त्यातून गेलेय. तीन वर्षांपूर्वी अशाच एका नापास कागदामुळे वैतागून नवी गाडी घेतली. महिन्याला २८९ पौंड, चार वर्षं. वर्षाचे ३,४६८ झाले. म्हणजे तुमच्या या ९१४ पौंडांच्या दुरुस्तीत माझे जेमतेम तीन हप्ते आणि थोडे पैसे भागतात. वर्षाला ८ हजार मैलांची मर्यादा आहे, पुढच्या प्रत्येक मैलाला ९ पेन्स. आई-बाबा आले की लेक डिस्ट्रिक्ट, एडिंबरा असं फिरणं होतं आणि दर वेळी माझा डोळा त्या आकड्यावर. चार वर्षांनी गाडी माझी होत नाही. ती ठेवायची तर शेवटची मोठी रक्कम भरायची, नाहीतर ओरखडेसुद्धा मोजून परत द्यायची.

शिवाय विमा वाढला, कारण गाडीची किंमत जास्त. रोड टॅक्स वाढला, कारण एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांना २०२५-२६ मध्ये वर्षाला सरसकट १९५ पौंड होता. तुमच्या गाडीचा किती आहे?

पानगळ
१० जानेवारी, रात्री ११.०५

३५ पौंड. वर्षाचे.

मेथीची_जुडी
१० जानेवारी, रात्री ११.०८

मग बघा.

माधुकरी (हॅरो)
११ जानेवारी, सकाळी ८.३०

मी १९७२ मध्ये इथे आलो. तेव्हापासून सहा गाड्या झाल्या, एकही नवी नाही. पासिंगचा हा प्रकार १९६० मध्ये सुरू झाला तेव्हा दहा वर्षांवरच्या गाड्यांनाच होता, पुढे मुदत तीन वर्षांवर आली. माझ्या उमेदीत आम्ही रविवारी गाडीखाली जुनी चादर पसरून तेल स्वतः बदलायचो. आता गुडघे ऐकत नाहीत, पण वही सोडलेली नाही. पेट्रोल भरलं की तिथेच पंपावर मैल आणि लिटर लिहितो. पेन्सिल गाडीच्या कप्प्यात दोऱ्याने बांधलेली आहे.

तुम्हाला उपयोग होईल म्हणून मागच्या वर्षीचं पान उतरवून देतो. छोटी पेट्रोल गाडी, २०१३ ची, वर्षात ५,२०० मैल. विमा ४१२. टॅक्स ३५. एमओटी ५०. सर्व्हिसिंग १८५. दोन टायर १४८. रस्त्यात बंद पडली तर मदतीची वर्गणी ७०. पेट्रोल ७०७. बेरीज १,६०७ पौंड, म्हणजे मैलाला ३१ पेन्स. गाडी आठ वर्षांपूर्वी ५,४०० ला घेतली, आज कुणी दोन हजार देईल. ती घट वर्षाला ४२५ धरली तर मैलाला ३९ पेन्स पडतात. बहुतेक लोक फक्त पेट्रोल मोजतात. माझ्या वहीत पेट्रोल अर्ध्याहून कमी आहे, दर वर्षी.

ताई, तुमची गाडी पेट्रोलची आणि २०१२ ची आहे म्हणजे लंडनच्या यूलेझमध्ये बसते. यूलेझ म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना रोजचा आकार लावणारा भाग. इथे पेट्रोलला युरो ४ हा धुराचा दर्जा लागतो, साधारण २००६ नंतरच्या गाड्यांना तो असतोच. डिझेलला युरो ६ लागतो, म्हणजे साधारण सप्टेंबर २०१५ नंतरच्या. २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनचे सगळे बरो (पालिका विभाग) त्यात आले. आमच्या गल्लीतल्या एका सज्जनांची उत्तम राखलेली डिझेल गाडी त्या दिवसापासून रोज १२.५० पौंडांची झाली. बदली म्हणून घाईत काही घ्याल तर आधी हे तपासा.

स्पॅनर
११ जानेवारी, सकाळी ९.१०

काका, तुमचं वहीचं पान मी गॅरेजात लावणार आहे. परवानगी असावी.

डिझेलचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट पोटतिडकीने सांगतो. शहरात रोज दोन-तीन मैल, मुलांची शाळा आणि दुकान, एवढाच वापर असेल तर स्वस्तात मिळते म्हणून जुनी डिझेल घेऊ नका. धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला इंजिन नीट तापून काही वेळ वेगात चालावं लागतं. ते झालं नाही की फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, गाडी रांगायला लागते, आणि नवा फिल्टर म्हणजे हजाराच्या पुढची गोष्ट. भारतातून आलेले कितीतरी जण 'डिझेलला ॲव्हरेज जास्त' या जुन्या हिशोबाने फसतात. गाडी वाईट नसते, वापर चुकीचा असतो.

नवखा_लीड्स
११ जानेवारी, दुपारी १२.२०

धाग्यात मध्येच शिरतोय, माफ करा. ऑक्टोबरमध्ये पुण्याहून आलो. भारताचं लायसन्स आहे, बारा वर्षं गाडी चालवतोय. ३ हजार पौंडांची गाडी बघितली आणि विम्याचा कोट आला १,९४० पौंड. गाडीच्या किमतीच्या दोन तृतीयांश! कुठे चुकतंय? आणि लायसन्स किती दिवस चालेल?

मेथीची_जुडी
११ जानेवारी, दुपारी १.०५

नवखा, भारताचं लायसन्स इथे राहायला आल्यापासून बारा महिने चालतं. तेराव्या महिन्यात त्यावर चालवलीत तर लायसन्स नसल्यासारखंच, विमाही गेला. म्हणून आत्ताच प्रोव्हिजनल (शिकाऊ लायसन्स) मागवा, ऑनलाइन ३४ पौंड. लेखी परीक्षा २३, रस्त्यावरची ६२, शनिवार-रविवारी ७५. परीक्षेच्या तारखा महिनोन् महिने मिळत नाहीत, सप्टेंबरमध्ये जागे होऊन उपयोग नाही. बारा वर्षांचा अनुभव असला तरी दोन-चार तास शिकवणाऱ्याबरोबर घ्या. माझा नवरा पहिल्यांदा नापास झाला तो आरशात न बघण्यावरून. तो बघत होता, पण मान हलत नव्हती, आणि परीक्षकाला ते दिसलं पाहिजे.

विम्याचं: इथलं लायसन्स हातात आलं की आकडा खाली येतो. भारतातला नो क्लेम बोनस बहुतेक कंपन्या धरत नाहीत, पण जुन्या कंपनीचं पत्र मागवून ठेवा, काही जण विचार करतात. गाडी लागणार त्याच्या आदल्या दिवशी विमा काढू नका, तीन-साडेतीन आठवडे आधी कोट घ्या. तोच माणूस, तीच गाडी, आणि फरक शेकड्यांत पडलेला मी पाहिलाय. रक्कम शक्य असेल तर एकदम भरा, महिन्याच्या हप्त्यावर व्याज लागतं.

आणि कुणी सांगेल, 'अनुभवी मित्राचं नाव मुख्य चालक म्हणून घाल.' अजिबात नको. ती इथे सरळ फसवणूक धरली जाते आणि अपघाताच्या दिवशी कळतं की विमा नव्हताच. उलट बाजूने, म्हणजे मुख्य चालक तुम्ही आणि जोडीला खरोखर कधीमधी चालवणारी बायको, हे चालतं, आणि त्याने कधी कधी आकडा कमी होतो.

नवखा_लीड्स
११ जानेवारी, दुपारी १.३०

मनापासून आभार ताई. पुढच्या महिन्यातली तारीख टाकून आत्ताच पुन्हा बघितलं. १,५१०. प्रोव्हिजनलचा अर्जही भरला.

ध्रुवतारा (मिल्टन कीन्स)
११ जानेवारी, संध्याकाळी ६.४५

मी चार वर्षं विजेवरची गाडी चालवतोय, म्हणून त्या बाजूचा हिशोब मांडतो. माझ्याकडे घराबाहेर स्वतःची गाडी लावायची जागा आहे आणि भिंतीवर चार्जर आहे. रात्रीचा खास दर ७ पेन्स युनिट. गाडी एका युनिटला साडेतीन मैल जाते, म्हणजे मैलाला २ पेन्स. माझ्या जुन्या पेट्रोलच्या गाडीला गॅलनला ४५ मैल मिळायचे. इथला गॅलन ४.५४६ लिटरचा, लिटर १.३५ पौंड धरला तर मैलाला साडेतेरा पेन्स. हा फरक डोळे दिपवणारा आहे.

पण तीच गाडी मोटरवेवरच्या जलद चार्जरवर लावली की युनिटला ७९ पेन्स, मैलाला साडेबावीस. पेट्रोलपेक्षा महाग! घरच्या विजेवर ५ टक्के कर आहे आणि बाहेरच्या चार्जरवर २० टक्के. हा अन्याय मला फार खुपतो. ज्याच्याकडे अंगण आहे त्याला स्वस्त, आणि जो चाळीसारख्या रांगेतल्या घरात किंवा फ्लॅटमध्ये राहतो, ज्याला खरं तर बचतीची गरज जास्त, त्याला चौपट कर. एप्रिल २०२५ पासून विजेच्या गाड्यांनाही रोड टॅक्स लागलाय, तो फायदाही गेला.

पानगळताई, तुम्ही गाडी कुठे लावता?

पानगळ
११ जानेवारी, संध्याकाळी ७.२०

रस्त्यावर. तीही कधी दारासमोर, कधी तीन गल्ल्या सोडून.

ध्रुवतारा
११ जानेवारी, संध्याकाळी ७.२५

मग मी आज तुम्हाला विजेची घ्या म्हणणार नाही. माझी गाडी मला जीव की प्राण आहे, पण ती माझ्या अंगणामुळे परवडते.

पानगळ
१२ जानेवारी, रात्री ८.१०

सगळ्यांचे आभार. स्पॅनरदादा, तुम्ही म्हणालात तसा इतिहास काढला आणि मलाच वाईट वाटलं.

२०२३: मागचे ब्रेक पाइप किंचित गंजलेले, सूचना. २०२४: तीच सूचना. २०२५: तीच, शिवाय आर्मच्या बुशला भेगा. तीन वर्षं कागद सांगत होता आणि मी 'पास' हा शब्द बघून कागद घडी करून ठेवत होते. खालचं वाचलंच नव्हतं.

फोडही मागवली. पुढच्या दोन स्प्रिंग २२८, ब्रेक पाइप १७६, आर्म ११८, मागच्या डिस्क आणि पॅड २३२, दोन टायर १६०. म्हणजे पास होण्यापुरते ५२२ होतात. बाकीचे ३९२ सूचनांचे आहेत.

एक विचारते. तुटली एकच स्प्रिंग, मग दोन कशाला? आणि मुळात ती तुटते कशी?

स्पॅनर
१२ जानेवारी, रात्री ९.००

जोडीनेच बदलायच्या. एक नवी एक जुनी ठेवली तर गाडी एका बाजूला झुकते आणि वळणावर वेगळी वागते.

तुटण्याचं कारण मीठ आणि खड्डे. थंडीत बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते ओल्या चिखलाबरोबर उडून स्प्रिंगच्या अगदी खालच्या वेढ्यात, जिथे ती वाटीत बसते, तिथे साचतं. वरचा रंग एकदा टवका उडून गेला की गंज पोखरायला लागतो. मग जानेवारीत एखाद्या कडाक्याच्या सकाळी डावं चाक खड्ड्यात आदळतं आणि टोक तुटतं. तुटलेली स्प्रिंग मी बहुतेक वेळा डाव्या पुढच्या चाकाची बघतो, कारण फुटपाथाकडची कडा, गटाराची झाकणं, पॅच मारलेला डांबर, सगळं डावीकडेच. ब्रेक पाइपचंही तसंच. मीठ लोखंडाला सोडत नाही, आपल्याकडे कोकणात खाऱ्या वाऱ्यावर गाड्या गंजतात तोच प्रकार, फक्त इथे मीठ खालून येतं.

म्हणून सगळ्यांना सांगणं: फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदा गाडी खालून जोरदार पाण्याने धुऊन घ्या. वरची चकाकी राहू द्या बाजूला, चाकांच्या कमानीत आणि पोटाखाली पाणी मारा. दहा मिनिटांचं काम आहे.

ताई, तुमचा इतिहास चांगला आहे. खालचा पत्रा सडल्याची एकही ओळ नाही. गाडी ठेवा. आसपासच्या एखाद्या छोट्या गॅरेजात विचारा, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून. दुरुस्ती दुसरीकडे केलीत तरी दहा कामाच्या दिवसांत जिथे नापास झाली तिथे परत नेलीत तर अर्धवट फेरतपासणी होते आणि फी जास्तीत जास्त अर्धी लागते. पूर्ण फीची कमाल मर्यादा ५४.८५ आहे, त्यावर कुणी घेऊ शकत नाही. शनिवार धरून मोजलं तरी तुम्हाला २२ तारखेपर्यंत वेळ आहे.

रानजाई (ब्रिस्टल)
१३ जानेवारी, सकाळी ७.५०

खड्ड्याने मोडलं तर कौन्सिलकडून (इथल्या पालिकेकडून) भरपाई मिळते ना?

स्पॅनर
१३ जानेवारी, दुपारी १.१५

मिळू शकते, पण पुरावा लागतो. खड्ड्याचा फोटो, शेजारी मापाला काहीतरी ठेवून, जागेचं नाव, तारीख, आणि गॅरेजचं बिल. स्वतःच्या सुरक्षिततेची काळजी घेऊन, भर रस्त्यात उभं राहून नव्हे. इंग्लंडमध्ये १९८० च्या महामार्ग कायद्याच्या कलम ५८ खाली कौन्सिल असं म्हणू शकते की आम्ही ठरल्याप्रमाणे रस्ता तपासत होतो आणि या खड्ड्याची आम्हाला माहिती नव्हती. ते त्यांनी सिद्ध केलं तर दावा जातो. म्हणूनच दिसला खड्डा की कळवा, आपली गाडी आदळली नसली तरी. आधी कळवलेलं असेल तर पुढच्या माणसाचा दावा टिकतो. मी जाता-येता दर आठवड्याला दोन-तीन तरी कळवतो.

माधुकरी
१३ जानेवारी, दुपारी ३.००

टायरची सूचना आहे म्हणून: वीस पेन्सचं नाणं घ्या आणि टायरच्या खाचेत उभं घाला. नाण्याच्या कडेची पट्टी दिसेनाशी झाली तर नक्षी कायद्याला पुरेशी आहे. पट्टी दिसली तर लगेच दुकानात जाऊन मोजून घ्या. कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर, टायरच्या मधल्या तीन चतुर्थांश भागात, सबंध घेरावर. त्याखाली सापडलात तर प्रत्येक टायरमागे २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट. मी १.६ ची वाट बघत नाही, ३ च्या आसपास आला की बदलतो, कारण इथे वर्षातले निम्मे दिवस रस्ता ओला असतो.

पानगळ
१९ जानेवारी, रात्री ९.३०

आजचा सविस्तर वृत्तान्त.

दोन गल्ल्या सोडून रेल्वेच्या कमानीखाली एक लहान गॅरेज आहे. शेजारच्या आजींनी सुचवलं. दोन लिफ्ट, एक किटली, आणि साठीचे एक गृहस्थ. फोनवरच सांगितलं: स्प्रिंगची जोडी १७०, पाइप १४०, आर्म ९५. एकूण ४०५. सुट्टी होती म्हणून मी तिथेच थांबले.

चाक काढायला गेले आणि विचारलं, 'लॉकिंग नटची चावी कुठे आहे?' मला तो प्रकारच माहीत नव्हता. प्रत्येक चाकाच्या नटांपैकी एक वेगळ्या आकाराचा असतो, चोरी होऊ नये म्हणून, आणि त्याला गाडीबरोबर आलेली खास टोपीसारखी चावी लागते. आम्ही डिकी उपसली, स्टेपनीखाली बघितलं, सीटखाली बघितलं. नाही. शेवटी त्यांनी नटावर एक कडक सॉकेट ठोकून बसवला आणि लांब पान्याने चारही काढले. त्याला आणि चार साध्या नटांना मिळून ४५ पौंड. त्यांनी लॉकिंग नट परत लावलेच नाहीत. म्हणाले, तुझी चाकं साध्या लोखंडाची आहेत, कोण चोरणार.

मग गाडी वर घेतली आणि मला खाली बोलावलं. टॉर्च धरून दाखवलं. मागचा ब्रेक पाइप, म्हणजे जेमतेम बोरूएवढी नळी, तपकिरी आणि फुगलेली. नखाने खरवडल्यावर पापुद्रे पडले. त्याच नळीतून ब्रेकचं तेल जातं. मी रोज पहाटे साडेसहाला त्या ब्रेकवर विसंबून घरातून निघत होते, कधी मागे लेक बसलेली असायची. माझे हात गार पडले.

स्प्रिंगचा तुटलेला तुकडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. बोटाच्या दोन पेरांएवढा, एका टोकाला गंजून काळा, दुसऱ्या टोकाला ताज्या लोखंडासारखा चमकणारा. काळा भाग म्हणजे आधीपासूनची चीर, चमकणारा म्हणजे परवा तुटलेला. इतकं साधं, समोर धरून, मला आजवर कुणी दाखवलं नव्हतं.

मागच्या डिस्क बघून म्हणाले, अजून वर्षभर जातील, पुढच्या एमओटीच्या आधी ये. चाकांचं अलाइनमेंट ४० पौंड, कारण आर्म बदलला की ते करावं लागतं. सगळे मिळून ४९० झाले. गाडी चालवून बघितली. डावीकडून खड्ड्यात येणारा तो 'टक्' आवाज, जो मी रस्त्याचाच समजत होते, तो गेला.

मेथीची_जुडी
१९ जानेवारी, रात्री ९.५०

पाइपचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या दोन्ही गाड्यांचा इतिहास आत्ता काढून वाचला. नवऱ्याच्या गाडीला मागच्या वर्षी 'पुढचे पॅड झिजत आलेत' अशी सूचना आहे आणि आम्हा दोघांनाही पत्ता नव्हता. उद्याच फोन करते.

स्पॅनर
१९ जानेवारी, रात्री १०.२०

ताई, तुम्हाला माणूस चांगला मिळाला. जो गाडीखाली बोलावून दाखवतो त्याला सोडू नका. त्याच्याकडेच वर्षातून एकदा तेल आणि फिल्टर बदलून घ्या. आणि त्याला विचारा तुमच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे की चेन. बेल्ट असेल तर कधी बदलला त्याची पावती शोधा. नसेल सापडत तर तो बदललेला नाही असंच धरा. बेल्ट तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात आणि मग मात्र गाडी भंगारातच जाते.

पानगळ
१९ जानेवारी, रात्री १०.३५

विचारलं होतं. चेन आहे.

नवखा_लीड्स
२० जानेवारी, सकाळी ८.००

मी जी गाडी बघत होतो तिचा इतिहास धागा वाचून काढला. २०२२ मध्ये ९१ हजार मैल, २०२३ मध्ये ६४ हजार! विकणाऱ्याने मला ७० हजार सांगितले होते.

स्पॅनर
२० जानेवारी, सकाळी ८.१०

पळा तिथून. कधी कधी तपासणाऱ्याकडून आकडा चुकतो, पण मग पुढच्या वर्षी तो परत वर जातो. इथे तो खालीच राहिलाय. आणि शक्यतो डीलरकडून घ्या. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने त्याच्याकडून घेतलेली गाडी सदोष निघाली तर पहिल्या ३० दिवसांत परत करून पैसे मागता येतात. खासगी विक्रीत ते संरक्षण नाही. विकणाऱ्याच्या घरीच जाऊन बघा, लॉगबुकवरचा (गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा) पत्ता आणि दारावरचा नंबर जुळतो का तेही बघा.

पानगळ
२१ जानेवारी, संध्याकाळी ६.१५

पास! नव्या कागदावर ४ फेब्रुवारी २०२७ पर्यंतची तारीख आहे. जुनी संपायच्या महिनाभर आत केल्यामुळे जुनी तारीख तशीच पुढे गेली, हेही आजच कळलं.

या वेळी कागद घडी न करता शेवटपर्यंत वाचला. दोन सूचना उरल्यात, मागच्या डिस्क आणि मागच्या टायर. टायर मोजून घेतले, डावा २.६, उजवा २.९. पुढच्या पगाराला दोन्ही बदलते. नवऱ्याने माझ्यासाठी एक वही आणलीये आणि पहिल्या पानावर स्वतःच लिहिलं: ४९० गॅरेज, ५४.८५ एमओटी, २७ फेरतपासणी.

आणि आज डिकीतली चटई धुवायला काढली तेव्हा डाव्या कोपऱ्यातल्या फोमच्या खाचेत, एका जुन्या मोज्यात गुंडाळलेली, लॉकिंग नटची चावी सापडली.

माधुकरी
२१ जानेवारी, संध्याकाळी ७.००

अभिनंदन. वहीत पेट्रोलसाठी वेगळी पानं ठेवा, आणि पेन्सिल बांधून ठेवा.